न उडालेल्या विमानापाशी
मुलीने नेलपॉलिशची बाटली उघडली की मला केंब्रिजजवळचं ते गारठलेलं म्युझियम आठवतं. तिथल्या शंभर वर्षं जुन्या, एकावर एक वीस पंखांच्या विमानाच्या कापडाला नुकतंच रोगण दिलेलं होतं, त्याचा वास असाच होता. पीएचडी अर्धवट सोडल्याचं पुण्याहून आलेल्या बाबांना तिथेच सांगायचं ठरवून मी सुरुवात केली, "बाबा, हे कधी उडालंच नाही." जन्मभर कारखान्यात फिटर असलेले बाबा पंखांचे टाके निरखत म्हणाले, "उडेना का, पण काम किती इमानाने केलंय बघा, डॉक्टर!" पीएचडीचं सांगायचं राहूनच गेलं. यंदा बाबा गेले. पेपरातल्या निधनवार्तेत माझ्या नावाआधी 'डॉ.' छापून आलं. भावाने मजकूर तपासायला पाठवला, तेव्हा 'बरोबर आहे' असं मीच कळवलं होतं.