‘अल्पशा आजाराने’ नव्हे

मेधाला जाऊन परवा सात आठवडे झाले. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या पत्रकात चार ओळी आल्या, ‘अल्पशा आजाराने निधन’. मी तिचा थोरला भाऊ, घरातल्या सगळ्यांची कागदपत्रं सांभाळणारा. माझ्या हिशेबाने तो आजार अकरा वर्षांचा होता, आणि त्यातली पाच वर्षं मी तो कुलपात ठेवला होता.

ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीला तिला मीच घेऊन गेलो. तिचा नवरा निखिल तेव्हा सांता क्लाराला कामासाठी गेला होता. रक्ताचा रिपोर्ट आला, सिफिलिस पॉझिटिव्ह. लगेच दुसरी, अधिक नेमकी चाचणी झाली, ती निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, पहिली खोटी निघाली, कधीकधी होतं असं. गाडीतच मी मेधाला म्हटलं, निखिलला सांगू नकोस, लोक काय म्हणतील... तो पहिला कागद मी तिच्या फाइलमधून काढला. मी कागद फेकत नाही, म्हणून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

पुढे तिची दोन बाळं पोटातच गेली, एक चौथ्या महिन्यात, एक पाचव्या. पुण्याहून फोन यायचे की पपई खाल्ली असेल, ड्राइव्ह फार करते. मेधा ऐकून घेणारी नव्हती. “मावशी, मग आमच्या कॅरी गावातल्या बाकीच्या बायका काय पायी ऑफिसला जातात?”

मग एकदा विमानप्रवासानंतर तिची पोटरी सुजली. शिरेत गुठळी होती. रक्तविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघे गेलो, फाइल माझ्या मांडीवर. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, सिफिलिसची चाचणी कधी खोटी पॉझिटिव्ह आली होती का? नाही, मी म्हणालो. प्रश्न मला नव्हताच.

“दादा, खोटं बोलू नकोस,” मेधा म्हणाली, आणि निखिलकडे वळून तिथंच सगळं सांगितलं.

“एवढंच?” निखिल म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

बाईंनी समजावलं की काही जणांचं शरीर स्वतःविरुद्धच अँटिबॉडीज तयार करतं, त्याने रक्तात गुठळ्या होतात, गर्भ टिकत नाही. त्याच अँटिबॉडीज त्या जुन्या चाचणीला फसवतात. नाव अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. त्या अँटिबॉडीजची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली, पण एका रिपोर्टवर निदान होत नाही. एखाद्या इन्फेक्शननंतरही त्या थोडे दिवस दिसतात. म्हणून बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त. मेधा फ्रिजवरच्या कॅलेंडरवर फुल्या मारत राहिली. दुसराही पॉझिटिव्ह आला तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, “म्हणजे पपई नव्हती.”

तो कागद आधी दाखवला असता तर दुसरं बाळ वाचलं असतं का, मी बाईंना विचारलं. तपासणी लवकर झाली असती, एवढंच त्या म्हणाल्या. पुढचा हिशेब मी केला आहे.

मेधाने कागद मागून घेतला, तीन भोकं पाडली आणि आपल्या रिपोर्टांच्या बाइंडरचं पहिलं पान केलं. हळदीकुंकवाला कुणाचं बाळ गेल्याचं कळलं की सरळ तिला आपली गोष्ट सांगायची, चाचणी कर म्हणायची. सहा वर्षं रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवली नाही. तरी शेवटी गुठळी मेंदूत गेली. इमर्जन्सीत शब्द फुटत नव्हते, तर तिने बोटाने बाइंडर दाखवलं... पहिलं पान.

मंडळाला मी दुरुस्ती पाठवली. संपादक भला मुलगा आहे. म्हणाला, “काका, सिफिलिस शब्द तेवढा काढू या? लोक काय म्हणतील...”

“काढायचा नाही,” मी म्हणालो.

दुरुस्तीसोबत कागदाची प्रत जोडली आहे. मूळ कागद तिने लावला तिथेच आहे. ड्रॉवरला आता कुलूप नाही.