लांब हॉर्न

तिला सगळे भागूबाई म्हणत. नाक्यावर म्हणत, घरी सासूबाई म्हणत, आणि नवऱ्याने तर लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात हे नाव पक्कं केलं होतं, कारण कुकरची शिट्टी झाली की ती दचकून मागे सरायची. झुरळ, वीज, उंच जिना, दवाखान्याचा वास, पोलिसांची गाडी, कशाला म्हणून ती भ्यायची नाही असं नव्हतं. आणि भ्यायल्याचं लपवायचं असतं हेही तिला कधी जमलं नाही. अशा बाईने नोकरी धरावी कुठे? तर डोंगराच्या उताराखाली, टोलनाक्यावर, काचेच्या खोक्यात.

रस्ता डोंगर फोडून काढलेला होता. खर्च कर्जाने भागवलेला, आणि ते कर्ज येणाऱ्या-जाणाऱ्याने खिडकीवर थोडं थोडं फेडायचं, असा एकूण मामला. डोंगर ओलांडून गाडी लांबलचक उताराने खाली येते आणि उतार संपतो तिथेच नाका. नाका नेमका तिथे का, हे ज्याने नकाशावर टिंब दिलं त्यालाच ठाऊक. त्याला काही खिडकीत बसायचं नव्हतं. लोकांना बोगदा हवा असतो, गुळगुळीत डांबर हवं असतं, खिडकीपाशी आलं की मात्र रस्ता कुणाच्या बापाचा हे आठवतं. या शिव्या भागूबाई कानाआड करायची. शिव्यांनाही ती भ्यायचीच, पण शिव्या काच फोडून आत येत नाहीत. ट्रेलर येऊ शकतो.

उतारावर ब्रेक निकामी झाले तर चालकाने हॉर्नवरचा हात काढायचा नाही, अशी तिथली पद्धत पडली होती. एकसलग लांब हॉर्न ऐकू आला की खिडकीतल्याने बटण दाबून आडवा दांडा वर करायचा आणि केबिन सोडून धूम ठोकायची. नियम कुणी लिहिलेला नव्हता. नाक्याच्या पहिल्याच वर्षी एक मोकाट टँकर कडेच्या केबिनमध्ये घुसला होता, तिथे बसणारा माणूस अजून काठी घेऊन चालतो, आणि तेव्हापासून नियम सगळ्यांना पाठ होता.

पुढे चालकांनाही तो पाठ झाला. लांब हॉर्न दिला की दांडा वर जातो, खिडकीतली माणसं पळतात आणि टोल वाचतो, हे एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांना. मग रोज कुणाचे ना कुणाचे ब्रेक जाऊ लागले. नाका ओलांडला की ते आपोआप दुरुस्तही व्हायचे, आणि क्लीनर खिडकीतून हात हलवून दात काढायचा.

कंपनीला हे परवडण्यासारखं नव्हतं. वरच्या मजल्यावर पडद्यांसमोर बसून नाका चालवणाऱ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून बजावलं की यापुढे टोल घेतल्याशिवाय दांडा वर गेला तर पगार कापला जाईल, आणि पुन्हा पुन्हा गेला तर घरी बसायचं. खरा हॉर्न कोणता आणि खोटा कोणता, हे ओळखायचं कसं, असं कुणीतरी विचारलं. साहेब म्हणाले, अनुभवाने. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

भागूबाईला अनुभव होता, पण तिला प्रत्येक हॉर्न खराच वाटायचा. तिचा पगार कापला गेला. परत कापला गेला. आता आणखी एकदा झालं तर नाक्याची पायरी चढू नका, असं तिला तोंडावर सांगितलं होतं.

तरी तिला खरा घोर लागला होता तो स्वतःचा नव्हता. शेजारच्या खिडकीत तिची नणंद बसायची. तिला घरात धाकटी म्हणत. धाकटी नवऱ्याचं घर सोडून, भरदिवसा, एक पिशवी घेऊन परत आली होती, आणि दिवसभर घरात बसून झुरत होती. भागूबाईनेच साहेबांच्या विनवण्या करून तिला नाक्यावर लावलं. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, तू बरोबर आहेस म्हणून पाठवते.

आणि धाकटी भ्यायची म्हणून नाही. लांब हॉर्न झाला की ती दांडा खालीच ठेवायची आणि खिडकीत हाताची घडी घालून बसायची. एकदा ट्रक मुकाट्याने दांड्यापुढे थांबला. पुन्हा एक थांबला. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि भागूबाईकडे पाहून, घरातल्यांकडून शिका जरा, असंही म्हणाले. भागूबाईच्या काळजाचं पाणी झालं. आपण हिला हौसेने त्या खोक्यात नेऊन बसवलं, आता ही तिथून हलायची नाही.

रात्री गणवेशाला इस्त्री करताना ती धाकटीला समजवायची. पगार गेला तर जाऊ दे, माझ्यातला देते, पण हॉर्न ऐकलास की पळ. धाकटी हसायची.

"वहिनी, ज्याचे खरंच ब्रेक गेले तो हॉर्न कशाला वाजवेल? तो देवाचा धावा करेल."

नवराही हसायचा. भागूबाई इस्त्री फिरवत राहायची.

ते झालं ते ऐन दुपारी. जेवणाचे डबे नुकतेच उघडले होते. भागूबाईच्या लेनमध्ये गाडी नव्हती. धाकटीच्या खिडकीशी एक पांढरी गाडी उभी होती, मागच्या सीटवर म्हातारी मान टाकून झोपलेली, आणि चालवणारा खिसे चाचपत पाकीट शोधत होता. तेवढ्यात वरून हॉर्न आला.

भागूबाईच्या हातातला घास डब्यात पडला. ट्रेलर होता, लोखंडी पाइपांनी भरलेला, आणि तो धाकटीच्या रांगेत सरळ खाली येत होता. हॉर्न थांबत नव्हता. तिने आपलं बटण दाबलं, दांडा वर गेला आणि ती दार ढकलून पळाली. पळता पळता तिने मागे वळून पाहिलं. धाकटी जागची हलली नव्हती. तिच्या दांड्यापुढे पांढरी गाडी तशीच अडकलेली, आणि ही बया बाहेर हात काढून सुटे पैसे मागत होती.

भागूबाईची पाचावर धारण बसली. पाय कँटीनकडे ओढत होते, रोज तिकडेच ओढायचे. ती उलटी फिरली. दोन लेनच्या मध्ये सिमेंटचा उंच कट्टा असतो, त्यावर चढून ती केबिनच्याही पुढे, उताराच्या बाजूला पळत गेली, अगदी टोकाला. अंगातलं नारिंगी जॅकेट काढून तिने आपल्या रिकाम्या लेनकडे हलवायला सुरुवात केली. इकडे, इकडे, असं ती ओरडत होती असं नंतर लोकांनी सांगितलं. तिला स्वतःला फक्त हॉर्न ऐकू येत होता. ट्रेलरची काच दिसत होती, तिच्यामागचा माणूस दिसत होता, आणि आपण आता मरणार, इतकंच तिला कळत होतं.

ट्रेलर वळला. तिच्या इतक्या जवळून गेला की वाऱ्याने जॅकेट हातातून उडालं. तिच्या लेनमधून, वर केलेल्या दांड्याखालून तो धडधडत पार झाला. भागूबाई कट्ट्यावर बसली ती उठेना. तिचे कपडे ओले झाले होते. धाकटी केबिनमधून उतरून आली, पडलेलं जॅकेट उचलून तिने तिच्या कमरेला गुंडाळलं आणि तिला हाताला धरून आत नेलं.

पुढे काय कळावं? ट्रेलर पुढच्या हॉटेलापाशी उभा होता. चालक खाटेवर बसून चहा पीत होता आणि ब्रेक ठणठणीत होते. साहेबांनी पडद्यावर सगळा प्रकार सर्वांना दाखवला: भागूबाई पळते, परत येते, नाचल्यासारखं जॅकेट हलवते आणि ट्रेलरला फुकटात वाट करून देते. माणसं हसून हसून बेजार झाली. भागूबाईला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तिने, मला भीती वाटली, एवढंच सांगितलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी एकटीच कामावर गेली. नवरा म्हणाला, बरं झालं, सुटलीस, आता निवांत झोप. सासूबाईंनी तिला चहा करून दिला. पण भागूबाईला कसली झोप! नाक्यावर निदान हॉर्न ऐकू यायचा, आता तोही येत नव्हता. शेजाऱ्यांचा मिक्सर लागला की तिच्या छातीत धस्स व्हायचं. ऐन दुपारी तिने डबा उघडण्याची वेळ झाली असेल म्हणून घड्याळ पाहिलं आणि हातातली वाटी ओट्यावर तशीच ठेवली. तिथे कट्ट्यावर आता कुणी नव्हतं. साहेब पाठ थोपटायला होते तेवढे. देवा, त्या पोरीला भीती देत नसशील तर नको देऊस, मला तरी बहिरं कर, असंही काहीबाही ती मनात बोलली.

संध्याकाळची बस वेळेवर आली नाही. सासूबाई दोनदा गॅलरीत जाऊन आल्या. भागूबाई गेली नाही, तिच्याच्याने उठवेना. शेवटी जिन्यावर चप्पल वाजली आणि धाकटी आत आली. तिच्या गुडघ्याला मोठं खरचटलं होतं आणि गणवेशाला माती लागली होती. ती सरळ येऊन भागूबाईच्या शेजारी जमिनीवर बसली.

"हॉर्न झाला आज," ती म्हणाली. "दांडा वर केला आणि पळाले. पायऱ्यांवरून पडले."

भागूबाईने तिचा गुडघा दोन्ही हातांत धरला.

"खोटा होता का गं?"

"काय माहीत, वहिनी. बघायला थांबलेच नाही."