हाकेला न वळणारी भाची

ताई शेतात गेली की तिची मुलगी माझ्याकडे असायची. चार महिन्यांची असल्यापासून मी तिच्यापुढे मोबाईलवर इंग्रजी गाणी लावायचे. आतापासून कानावर पडलं की पुढे शाळेत अडायची नाही, असं घरात सगळ्यांनाच वाटायचं.

वर्षाची झाली तरी ती हाकेला वळेना.

"मावशीवर गेलीय, लय लाजाळू हाय," आई हसून म्हणाली.

मला धडकी भरली. लाजाळू मूल हाक ऐकून निदान तोंड लपवतं. मी लहानपणी तेच करायचे. मी मोबाईल बंद करून तिच्या मागून तीनदा हाक मारली. ती बंद मोबाईलकडेच बघत राहिली.

"ताई, हिला परभणीला डॉक्टरांना दाखवू. ती गाणी फार वेळ चालायची."

"किती येळ?"

"तू घरी येईपर्यंत," मी म्हणाले.