उजवा कौल

पालीच्या शाळेत बदलून आलो, त्याच आठवड्यात मी कोंडाबाईंना पहिल्यांदा पाहिलं. वेल्ह्याला जायचं म्हणून मी एसटीची वाट बघत उभा होतो. शेजारी त्या उभ्या होत्या. डोक्यावर बोचकं होतं, पाय अनवाणी. गाडी आली, मी चढलो. त्यांनी कंडक्टरकडे बघून नुसती मान हलवली आणि गाडी सुटल्यावर तिच्या धुरळ्यातून चालायला लागल्या. काम उरकून मी परत निघालो, तेव्हा त्या वेल्ह्यात शिरत होत्या.

"बाई, मघाशी गाडीत का चढला नाहीत?" मी विचारलं.

"गाडी दारात आली तरी चढायचं न्हाई, त्ये शिकतीय गुरुजी," त्या म्हणाल्या आणि पदराआड हसल्या.

हळूहळू सगळं कळलं. कोंडाबाईंच्या सासरचं कुलदैवत हरिहरेश्वरचा काळभैरव. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. घरातले पुरुष जीप करून जायचे, नारळ फोडून यायचे, आणि गुरांपाशी कोंडाबाई राहायच्या. नवरा वारला. मुलगा गोरख हाताशी आला. राजगडावर येणाऱ्या पोरांना पिठलं-भाकरी करून वाढायचा धंदा त्यानं घरातच सुरू केला. धंदा गोरखचा, भाकऱ्या आईच्या.

मी पालीला यायच्या आधी, एका पावसाळ्यानंतर, शेफाली नावाची पुण्याची मुलगी जेवायला आली. पाठीवर पिशवी, बरोबर कोणी नाही. उद्या मढे घाटानं खाली कोकणात उतरणार म्हणाली.

"एकलीच?" कोंडाबाईंनी तवा खाली उतरवून विचारलं.

"एकटीच, मावशी. कोणाची वाट बघत बसले तर जाणंच होत नाही."

शेफाली जेवून गेली. तिला बहुधा हे आठवतही नसेल. पण कोंडाबाईंनी त्या दिवसापासून ठरवलं, आपणही त्याच घाटानं उतरायचं आणि हरिहरेश्वरला पायी जायचं, एकटीनं. ती वाट कोणाच्या दिंडीची नाही. तिच्यावर मंडप नाहीत, चहा वाटणारे नाहीत. त्यांना ती तशीच हवी होती.

मग तयारी सुरू झाली. घाट चढून येणाऱ्या प्रत्येक पोराला त्या विचारायच्या, "पानी कुठं लागतं? कर्णवडीत रातीला कोन टेकू देईल का?" उत्तरं पाठ करायच्या. भाकरी थापताना ओठ हलायचे. केळद, कर्णवडी, बिरवाडी, महाड, गोरेगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. एका भाकरीला एक गाव. कधी पीठ कमी पडलं, तर म्हणायच्या, "आज म्हसळ्यापतुरच पोचले."

शेजारच्या बाळाबाई चिडवायच्या, "कोंडे, घाटात वाघ न्हाईत आता, ट्रेकवालेच हायेत. तितंबी तूच त्यांना भाकरी घालत बसशील!"

"घालंन की. पन चालत चालत घालंन," कोंडाबाई म्हणायच्या.

गोरखला हे मान्य नव्हतं. तो वाईट मुलगा नव्हे. "आये, मी नेतो की टेम्पोनं. सकाळी जाऊन सांजच्याला माघारी."

"तुज्यासंगं गेले तर तू नेलंस असं हुईल. मला म्या गेले असं पायजे."

एवढं असूनही कौल घेतल्याशिवाय त्या निघणार नव्हत्या. एवढ्या लांब जायचं तर गावच्या भैरवनाथाला विचारायचं, ही तिथली रीत आहे. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली कळी चिकटवतो. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर नाही. माघात शेतीची कामं आटोपल्यावर कोंडाबाई अंघोळ करून देवळात गेल्या. मीही गेलो होतो. गुरव आनंदरावांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. डावी कळी पडली.

"औंदा न्हाई म्हनतोय," आनंदराव खाली बघत म्हणाले.

कोंडाबाईंनी नमस्कार केला. "फुडल्या साली," त्या म्हणाल्या.

पुढल्या सालीही डावीच. त्याच्या पुढल्या सालीही. पहिली काही वर्षं त्या वेल्ह्याला चालत जायच्या, एसटी सोडून द्यायच्या. मग एकदा मी त्यांना एसटीत पाहिलं, खिडकीपाशी. मला बघून त्या जरा लाजल्या. पुढे माझी नोकरी संपली, मी कामथडीला राहायला आलो. जत्रेला मात्र जात असे. प्रत्येक वेळी त्या थोड्या जड झालेल्या दिसायच्या. खाली बसून चुलीपुढे दिवसभर काम, गुडघे धरले होते. कौल मात्र दर माघात लावत. देवाशी बोलणं त्यांनी बंद केलं होतं. "म्या रुसलीय त्याच्यावर," म्हणाल्या होत्या. "इचारते, उत्तर घेते, पन बोलत न्हाई."

दोन वर्षांपूर्वी माघातच आनंदरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. देवळाचं काम त्यांचा मुलगा स्वरूप बघत होता. त्यानं कोंडाबाईंसाठी कळ्या लावल्या, आणि गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

कोंडाबाई कितीतरी वेळ त्या कळीकडे बघत राहिल्या. आनंद झालेला माणूस असा दिसत नाही.

डोळ्याची पट्टी सुटल्यावर आनंदराव स्वतः त्यांच्या अंगणात आले. त्या दिवशी मी तिथेच होतो. "कोंडाबाई, मला बोलायचंय," ते म्हणाले आणि उभ्याउभ्याच सांगून मोकळे झाले. पहिल्या कौलाच्या आदल्या दिवशी गोरख त्यांच्याकडे आला होता. आई घाटात पडली तर कोण बघणार, धंदा कसा चालणार, म्हणून रडला होता. तेव्हापासून ते डावी कळी नुसत्या पाण्यानं लावत आणि उजवी चिकटून राहावी म्हणून शेंदुराच्या तेलात बुडवून. "भल्यासाटीच केलं. पन पाप त्ये पापच."

गोरख दारात उभा होता. त्याला आत जाता येईना, बाहेर येता येईना.

कोंडाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आनंदरावांना एवढंच म्हणाल्या, "मंजी म्या उगाच देवाशी बोलले न्हाई." मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, देव न्हाई म्हनत व्हता तवर बरं व्हतं. आता कोन न्हाई म्हनतंय?" आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तरी त्या निघाल्या. गोरखनं नवी घोंगडी आणली, ती त्यांनी घेतली. सकाळी बाळाबाईंनी ओटी भरली, आणि त्या दिवशी चिडवलं नाही. मी वेल्ह्यात मेंगाईच्या देवळापाशी वाट बघत थांबलो होतो. निरोप तिथे द्यायचा, पुढे त्यांची वाट त्यांची, असं ठरलं होतं.

ऊन चांगलं वर आल्यावर त्या दिसल्या. एक पाय ओढत होत्या. मागे बऱ्याच अंतरावर गोरखचा टेम्पो होता, माणसाच्या चालीनं येत होता. त्या थांबल्या की तो थांबायचा. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नव्हतं, पण त्यांना ते घरापासून माहीत असणार.

देवळाच्या पायरीवर बसल्या. लुगडं जरा वर केलं. गुडघा सुजून गोल झाला होता. मी पाणी दिलं.

"हितनं केळद किती?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं ज्यांना वाट पाठ होती, त्या मला विचारत होत्या.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"ही चाल त्या वेळची व्हती, गुरुजी. आताची न्हाई."

 गोरख खाली उतरला, पण जवळ आला नाही. शेवटी कोंडाबाईंनी त्याला हाक मारली, "गोरख्या, आन गाडी हिकडं." टेम्पो अगदी पायरीला लागला. चढताना त्यांनी एक हात त्याच्या खांद्यावर आणि एक माझ्या हातात दिला. हरिहरेश्वरला गाडीनं नेतो, असं त्यानं पुन्हा एकदा म्हणून बघितलं. त्या म्हणाल्या, "घरी चल. सनवारची मानसं जेवाया येनार हायेत."

परवा पालीला जाऊन आलो. कोंडाबाईंना खाली बसवत नाही म्हणून गोरखनं गॅसचा ओटा आणि त्यापुढे खुर्ची करून दिली आहे. शनिवार-रविवार त्या खुर्चीवर बसून भाकऱ्या थापतात, आणि थापताना त्यांचे ओठ हलत नाहीत.