आईच्या खांग्यांसाठी शिकागोपर्यंत

सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. टेक्सासमधल्या शुगर लँडहून शिकागो, जवळजवळ अकराशे मैल, सोबत स्मृतिभ्रंश झालेली चौऱ्याहत्तर वर्षांची आई, आणि कारण काय, तर कापड आणायचं! माझा नवरा मिलिंद ऑफिसच्या कामात अडकलेला. "फ्लाइट कॅन्सल का केलीस यार? तीन तासांत पोचली असतीस!" म्हणाला. खरं तर त्याला माहीत होतं. मागच्या खेपेला विमानतळावरच्या तपासणीत आईच्या अंगाला हात लावला, तेव्हा ती जी किंचाळत सुटली, ते मला पुन्हा नको होतं. म्हणून २००६च्या ऑक्टोबरात कूलरमध्ये दहीभात आणि मेथीचे थेपले भरले, इंटरनेटवरून छापलेल्या नकाशांची चळत घेतली आणि निघाले.

कापडाची गोष्ट आधी सांगायला हवी. आई जन्मली, वाढली दार-ए-सलामला. आजोबा तिथे कारकून होते. लग्न होऊन पुण्याला आली ती ट्रंकेत खांगे घेऊन, आणि पुढे मामा येताजाता आणखी आणत राहिला. खांगा म्हणजे तिकडच्या बायकांचं सुती वस्त्र. भडक रंग, चारी बाजूंनी रुंद काठ, मधे मोठी नक्षी, आणि खालच्या बाजूला छापलेली स्वाहिलीतली एक ओळ. आई घरात साडीवरून ते खांद्यावर घ्यायची. आम्हाला ताप आला की त्यातच गुंडाळायची.

दोन वर्षांपूर्वी तिचं पुण्यातलं घर आवरलं. हातात आठ दिवस, बॅगांच्या वजनाची धास्ती. पैठणी घेतली, कांजीवरम घेतल्या. खांगे विटलेले, विरलेले. दारावर बोहारीण आली होती, तिला सगळे अकराच्या अकरा देऊन टाकले, आणि वर घासाघीस करून झाकणाचं स्टीलचं पातेलं पदरात पाडून घेतलं. आपण फार व्यवहारी आहोत असं मला वाटलं होतं. आई पलंगावर बसून बघत होती.

इथे आल्यावर मात्र ती कपाटं उपसायला लागली. "माझे खांगे कुठेत गं?" मी सांगायचे, धुवायला टाकलेत. वर्षभर हे खोटं चाललं. मग तिचं मराठीच आटत गेलं. उरली फक्त लहानपणची स्वाहिली, जिच्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी कोण, हेही तिला आठवेना. त्यात मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर दार-ए-सलामच्या एका बाईंचं कापडाचं दुकान आहे. खांगा हातात पडला तर आई निदान एकदा मला नावानं हाक मारेल, एवढ्याच आशेवर मी गाडी काढली.

पहिला दिवस टेक्सासमध्येच संपतो की काय असं वाटतं. एकोणसाठ नंबरच्या रस्त्यानं टेक्सारकानापर्यंत नुसती पाइनची झाडं. पेट्रोल सव्वादोन डॉलर गॅलन. दर दोन तासांनी थांबायचं, कारण आई 'बाथरूमला जायचंय' हे सांगू शकत नाही. मुक्काम लिटल रॉकला, पंचेचाळीस डॉलरचं मोटेल. वयस्कर माणूस बरोबर असेल तर तळमजल्यावरची खोली मागून घ्या.

दुसऱ्या दिवशी मिसूरीत शिरलो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला. आई ताठ बसली. "पाम्बा!" म्हणाली. "हो आई, कापूस!" मी इतकी हरखले की एक्झिट चुकले. तिनं माझ्याकडे पाहिलं, बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या बाईकडे पाहावं तसं, आणि पुन्हा खिडकीकडे वळली. त्यानंतर सेंट लुईस येईपर्यंत मी रेडिओसुद्धा लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिकागो. डेव्हनला पार्किंगसाठी तीन चकरा माराव्या लागतात, मीटरसाठी क्वार्टर्स, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, जवळ ठेवा. मिठाईच्या आणि साड्यांच्या दुकानांच्या मधे एक अरुंद दुकान. मालकीण शिरीनबेन, साठीच्या, दार-ए-सलामच्याच. त्यांनी मागच्या फळीवरून गठ्ठा काढला. मी लगेच लाल रंगाचा, मोठ्या कोयऱ्यांचा उचलला. आईचा एक तसाच होता.

"बहन, रंग बाद में," शिरीनबेन हसल्या. "पहले लिखा हुआ पढ़ते हैं. औरत मुँह से न बोले, वो खांगा बोलता है. किसको क्या कहना है, उसी से चुनते हैं." मग सहज विचारलं, "आपकी अम्मी वाले पे क्या लिखा था?"

रोमन लिपीतली ओळ, दोरीवर वाळताना रोज डोळ्यांसमोर होती. अकरा खांगे, अकरा ओळी. मी काठ पाहिले, रंग पाहिले, कापड विरलंय का ते पाहिलं. वाचली एकही नाही, आईला विचारलंही नाही. भर दुकानात मला तोंड लपवावंसं वाटलं.

आई मात्र जिवंत झाली होती. एकेक घडी उलगडून नेमकी ओळ शोधायची, मोठ्यानं वाचायची, शिरीनबेनशी टाळी देऊन हसायची. किती महिन्यांनी तिचं हसू ऐकलं! मग तिनं गठ्ठा बाजूला सारला आणि हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिली. शिरीनबेन एकदम घड्या घालायला लागल्या.

"काय म्हणाली?"

"छोड़िए ना. उमर है."

"सांगा."

आई म्हणत होती की एक बाई घरात आली आणि माझे सगळे खांगे बोहारणीला देऊन बसली. माझी मुलगी तेव्हा तिथे नव्हती, नाहीतर तिनं त्या बाईला उंबऱ्याबाहेर काढलं असतं.

मी लाल खांगा घेतला. खांगे जोडीनं येतात, दोन वस्त्रं सलग एकाच कापडात. घरी नेऊन मधून कापायचे, कडा शिवायच्या, मग वापरायचे. अठरा डॉलर. शिरीनबेन पैसे घेईनात, मी बळंच दिले.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. आई झोपली होती, मी अधूनमधून रडत ड्राइव्ह करत होते.

याला आता पाच आठवडे झाले. तिनं मला नावानं हाक मारलेली नाही. खांगा तिनं अंगावर घेतला नाही, कापूही दिला नाही. मी कात्री आणली की ती तो पोटाशी धरते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणते. काल दुपारी न राहवून मी शिकागोला फोन लावला आणि रिसीव्हर आईच्या तोंडाशी धरला. शिरीनबेननी दोनदा ऐकलं.

"बेटी के लिए रखा है, बोल रही हैं. बेटी आएगी, वही काटेगी."

"आई, अगं मीच ती," म्हणत मी हात पुढे केला. तिनं खांगा उचलला आणि पलीकडच्या कुशीला ठेवला.