रमीबेननी आणलेली पानं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की भलतंच काहीतरी बोलतो – नोकरी, धावपळ, तेव्हाचं वय. तुमच्यापुढे तरी नीट बोलता येतंय का, बघतो.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही सुरतेत, पर्वत पाटिया भागात राहायचो. वडील धुळ्याकडून लूमवर कामाला आलेले. मी शेतकीचा डिप्लोमा केला, बारडोलीजवळ एका भाताच्या प्रयोगावर लागलो, तेव्हा आई शेजारणींना सांगत सुटली, "मना पोऱ्या साहेब व्हई गया."

प्रयोग साधा होता. लहान शेतकरी युरिया अंदाजानं टाकतात, बराचसा वाया जातो. म्हणून त्यांना फिक्या ते गडद हिरव्या रंगांची एक प्लास्टिकची पट्टी दिली होती. भाताचं पान तिच्यावर धरायचं. चौथ्या रंगापेक्षा फिकं दिसलं, तरच युरिया. दर आठवड्याला मी जाऊन नोंद करायची, आणि मी सांगेपर्यंत शेतकऱ्यानं काही टाकायचं नाही.

रमीबेन त्यातल्याच एक. विधवा, दीड विघा, म्हणजे जेमतेम एकरभर भात – तेच वर्षभराचं खाणं. सहीच्या जागी अंगठा. पण पट्टी सगळ्यांच्या आधी त्यांना जमली. उन्हात रंग फसवतो हे मी एकदाच सांगितलं होतं. त्या दर वेळी पाठ उन्हाकडे करून, पानावर आपली सावली पाडून बघायच्या.

आणि मी? कापड बाजारात एका साडीच्या दुकानात जागा होणार होती. शेठनं थोडे दिवस येऊन बसायला सांगितलं. मी बसलो. तीन आठवडे शेतावर फिरकलो नाही. नोंदी घरी चहा पिता पिता भरल्या. रमीबेनच्या रकान्यात लिहिलं – पान गडद, युरिया नको. गडद का लिहिलं? फिकं लिहिलं असतं तर युरिया टाकायला लावावा लागला असता, म्हणजे जावं लागलं असतं. एवढंच कारण.

एक दिवस मी ऑफिसात तोंड दाखवायला गेलो, तर त्या दारात उभ्या. बसनं आल्या होत्या. ओल्या फडक्यात पानं गुंडाळून आणली होती.

"साहेब, पान फिक्कुं पडी गयुं. खातर नाखुं?"

खत टाकू का, विचारत होत्या. फडकं मी उघडलंही नाही. तोडलेल्या पानाचा रंग खरा नसतो, म्हणालो. सोमवारी येतो, तोवर काही टाकू नका. त्या मान हलवून गेल्या.

सोमवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. गेलो तेव्हा भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि पानं पिवळी. आता युरिया टाकून फारसा उपयोग नव्हता. युरियाची गोणी घरात तशीच, शिवण न उसवलेली. माझ्या शब्दावर बाई थांबली होती – कळतंय ना तुम्हाला?

कापणीला मोठे साहेब आले. शेजारच्या शेतांच्या निम्मंही भात भरलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, असं कसं? रमीबेन हातभर अंतरावर होत्या. मी म्हणालो, "बाईंना वाचता येत नाही, सर. रंग ओळखण्यात त्यांचा घोटाळा झाला."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे. मग म्हणाल्या, "साहेब कहे ते खरुं."

अहवालात गेलं – निरक्षर शेतकऱ्यांना पट्टी वापरणं जमत नाही. पुढच्या हंगामात पट्ट्या फक्त शिकलेल्यांना दिल्या. रमीबेनची परत घेतली. घ्यायला मीच गेलो होतो. घराला कडी होती. सून आणि त्या ऊसतोडीला गेल्यात, शेजारीण म्हणाली, घरात खायला भात नाही. पट्टी तिनंच आतून आणून दिली, धुऊन पुसून ठेवलेली.

महिन्याभरात मी साडीच्या दुकानात लागलो. अजून तिथेच आहे.

रमीबेननी रंग बरोबर ओळखला होता. मी खोटं बोललो.