जानकीवहिनींचा हात

पडदा वर जातो तेव्हा दहिसरच्या आमच्या चाळीवर भर दुपारचं ऊन पडलेलं आहे. बिऱ्हाडं हलली आहेत, उद्या चाळ पाडणार आहेत. गॅलरीत एकट्या जानकीवहिनी उभ्या आहेत, लग्नातला शालू नेसून. खाली अंगणात, जिथे मी दर गणपतीत नाटकातला राजा व्हायचो, तिथे त्यांचा मुलगा लवू ड्रोन उडवायच्या तयारीत आहे.

लवू लग्नांचे व्हिडिओ काढायचा आणि त्याचं चित्र कधी अडखळत नसे. "काका, कडक उन्हात कॅमेऱ्याला काळी काच लावायची आणि ड्रोन सावकाश वळवायचा. नाहीतर सगळं धक्के खात दिसतं," हे त्यानेच मला सांगितलेलं.

त्या दिवशी तो पिशवीत ती काच शोधत होता, तेवढ्यात वरून वहिनी ओरडल्या, "बाबू, बेगीन कर रे! उन्हान घेरी येता माका."

"झाला गे आये, झाला!" म्हणत त्याने काचेविनाच ड्रोन सोडला.

दीड महिन्यात वहिनी गेल्या. आता त्या व्हिडिओत त्यांचा निरोपाला हलणारा हात धक्के खातो. लवूने कॉम्प्युटरवर धक्के काढून पाहिले, तर बोटंच धुरासारखी विरली.

काल त्याने तो व्हिडिओ मला दाखवला. मी म्हणालो, "अरे, शेवटच्या प्रयोगाला माझाही हात थरथरला होता. राहू दे तसाच."

त्याने व्हिडिओ बंद केला. मग म्हणाला, "काका, नुसतं सावलीत बस म्हणायचं होतं हो तिला. काच सापडेपर्यंत, दोन मिनिटं."